ओटल्यावर वाचलेला कागद

म्हातारी ओटल्यावर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. माळव्यात घरापुढच्या उंच जोत्याला ओटला म्हणतात, आणि जानेवारीतलं ऊन तिथे जेवणवेळेपर्यंत रेंगाळतं. माझ्या तीन विद्यार्थिनी तिच्यासमोर मांडी घालून फॉर्म भरत होत्या. घरात माणसं किती, शिकलेली किती, जमीन किती बिघे, शौचालय आहे का, पाणी कुठून आणता. एकूण चौदा प्रश्न. बाराव्यापर्यंत तिनं निमूट उत्तरं दिली. मग शेंग बोटांत तशीच धरून ती म्हणाली, "लिखी ने लई जाओ हो, पाछो कंई लाओ हो?" लिहून घेऊन जाता, परत काय आणता?

मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ही माहिती वर जाते, योजना आखताना उपयोगी पडते. ते खरं नव्हतं. आदल्या वर्षी याच गावात भरलेले फॉर्म आमच्या स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटात सुतळीनं बांधून ठेवले होते, आणि त्यांची साधी बेरीजही कोणी केली नव्हती. मीही नाही. सगळं गाव त्या म्हातारीला जिजी म्हणायचं. जिजीनं पुढे काही विचारलं नाही. तिघींच्या ओंजळीत मूठ मूठ वाटाणे घातले आणि उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली.

इंदूरच्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. मधे खंड पडून एकूण सात वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते. इंदुरात योजनेचं पूर्ण नाव फक्त पत्रव्यवहारात येतं, बोलताना सगळे एनएसएसच म्हणतात. एका अधिकाऱ्याकडे शंभर विद्यार्थ्यांची तुकडी. प्रत्येकानं वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास काम करायचं आणि एकदा सात दिवसांच्या विशेष शिबिराला यायचं. छातीवर लावायच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक असतं. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, सेवेला सदैव तयार. पहिल्या वर्षी मी हे सगळं मुलांना पाठ करून सांगायची आणि मुलं डायरीत लिहून घ्यायची.

या योजनेच्या मुळाशी एक मराठी नाव आहे, आणि मराठी घरातही त्याचा उल्लेख या संदर्भात होत नाही. 1959 साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं शिफारस केली होती, की शाळा संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकानं नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी, आणि तीही सक्तीनं. खर्च आणि अंमलबजावणी दोन्ही अवघड, म्हणून ते मागे पडलं. पुढे दहा वर्षांनी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी तेव्हाचे शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत ही योजना सुरू केली, ती ऐच्छिक स्वरूपात. मला वाटतं, ऐच्छिक झाली हे चांगलंच झालं. सक्तीनं आलेला मुलगा गावाचं काही भलं करत नाही आणि स्वतःही काही घेऊन जात नाही. हे मी पुढे डोळ्यांनी पाहिलं, ते सांगेनच.

आमचं दत्तक गाव खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. साठेक घरं. सोयाबीन आणि गहू, थोडा लसूण, थोडे बटाटे. काळी माती. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत पाऊल जाईल, आणि पावसाळ्यात तीच माती चप्पल ओढून घेते. आता त्या बाजूला आयआयटी झाली, रस्ता रुंद झाला. तेव्हा शेवटचे दोन किलोमीटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जायचो.

शिबिराचे सात दिवस गावच्या शाळेत मुक्काम. पहाटे प्रभातफेरी, नाश्त्याला पोहे, मग 'परियोजना कार्य', म्हणजे नाली साफ करणं, रस्त्याची डागडुजी, सर्वेक्षण. दुपारी बौद्धिक. रात्री शेकोटीभोवती गाणी. गोवऱ्यांच्या आरावर बाटी भाजायला मुलींनी गावातल्या बायकांकडून शिकून घेतलं. पहिल्या दिवशी बाहेर कोळसा आणि आत कच्चं पीठ, चौथ्या दिवशी बरोबर जमलं. पण शिबिराची खरी लढाई त्याच्या महिनाभर आधी सुरू व्हायची, ती मुलींच्या घरी. सात रात्री मुलगी बाहेर राहणार, तेही गावात. मी एकेका घरी जाऊन बसले आहे. सुदामानगर, बाणगंगा, मल्हारगंज, जुनी इंदूर. "बेनजी, आपके भरोसे भेज रहे हैं," असं म्हणून वडील सही करायचे, आणि तिसऱ्या दिवशी जास्तीचं पांघरूण आणि शेवेचा पुडा घेऊन स्वतः शाळेच्या फाटकात हजर. एका वडिलांनी लांबूनच पाहिलं, त्यांची मुलगी पायजमा खोचून फावड्यानं गाळ उपसत होती. ते पुढे आले नाहीत. पुडा माझ्याकडे दिला आणि हळूच म्हणाले, "घर में तो पानी का गिलास नहीं उठाती." आवाजात तक्रार नव्हती. त्या एका वाक्यासाठी मी पुढच्या वर्षी आणखी दहा घरं चढले असेन.

चुकाही सांगते. पहिल्या शिबिरात आम्ही रोपं लावली. वडाची, कडुलिंबाची, करंजाची. खड्डे चांगले खणले, प्रत्येक रोपाशेजारी एकेकीनं उभं राहून फोटो काढले. शिबिरं होतात ती परीक्षा आणि सुट्ट्यांच्या हिशोबानं, डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे पावसाला पाच महिने. मी भूगोल शिकवणारी बाई, आणि जानेवारीत लावलेल्या रोपाला मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे मला सुचलं नाही. ज्या माळव्याची ओळख पावलोपावली पाणी अशी होती, तिथे उन्हाळ्यात हातपंप कोरडे पडतात आणि बायका बोअरवेलच्या पाळीसाठी रात्री उठतात. त्यांनी आमची रोपं जगवावीत अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचंच होतं. जूनमध्ये गेले तेव्हा खड्डे होते, रोपं नव्हती. अहवालात मात्र रोपांचा आकडा होता आणि तो खराच होता, लावली तर होतीच. पुढे रोपं जुलैत लावली, थोडी लावली, आणि ज्यांच्या दाराशी लावली त्यांना विचारून लावली.

या सगळ्याच्या मधोमध जिजीचा तो प्रश्न होता.

त्या उन्हाळ्यात मी कपाटातला गठ्ठा घरी आणला. राजेंद्रनगरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर दोन वर्षांचे फॉर्म पसरले आणि पाच मुलींना बोलावून आकडे मांडायला बसवलं. आठवडा लागला. मग एका मोठ्या ड्रॉइंग शीटवर स्केचपेननं सगळं हिंदीत लिहिलं. घरं, माणसं, शाळेत जाणारी मुलं, सोडलेली मुलं, गुरं, पाणी, शौचालयं. जुलैत रोपं घेऊन गेलो तेव्हा तो कागदही नेला आणि संध्याकाळी राममंदिराच्या ओटल्यावर टांगून वाचायचं ठरवलं. पुरुष समोर बसले. बायका दोन घरं सोडून, पदर ओढून, भिंतीच्या कडेला.

वाचायला सुरुवात केली बीएस्सीच्या एका मुलीनं. आवाज थरथरत होता. शाळा सोडलेल्या मुलींचा आकडा आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, चूक आहे, दोघींची लग्नं झाली, त्या धरल्या का? धरल्या नव्हत्या. तिनं खोडून नवा लिहिला. गुरांचा आकडा तर सगळ्यांनी मिळून मोजला, एकेका घराचं नाव घेत, मोठ्यांदा हसत. मग ती म्हणाली, गावात जवळजवळ प्रत्येक घरी शौचालय आहे.

बायकांच्या बाजूनं हसू आलं. आधी दबलेलं, मग मोकळं. जिजी तिथूनच ओरडली, आहे की, माझ्यात गोवऱ्या आहेत!

त्या एका हसण्यातून जे बाहेर पडलं ते आमच्या चौदा प्रश्नांत कुठेच नव्हतं. शौचालय 'आहे का' असं आम्ही विचारलं होतं, 'वापरता का' असं नाही. निम्म्याहून जास्त घरांत त्यात सरपण होतं, गोवऱ्या होत्या, एका घरी गव्हाच्या गोण्या होत्या. कारणं एकेक करून आली. खड्डा एकच खणलेला, भरला की काय करायचं कोणाला माहीत नाही, म्हणून तो भरू नये याची काळजी. पाहुणे आले तर उघडायचं, बाळंतिणीसाठी उघडायचं. काळ्या मातीत पावसाचं पाणी मुरत नाही, श्रावणात खड्डा वरपर्यंत तुडुंब. आणि उन्हाळ्यात, जिथे प्यायचं पाणी डोक्यावरून आणायचं, तिथे बादलीभर पाणी शौचालयात कोण ओतणार? काळ्या मातीतल्या चिकणमातीचे गुणधर्म, ती पाणी धरून ठेवते, फुगते, निचरा होऊ देत नाही, हे मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत होते. त्याचा गावातल्या सुनेच्या पहाटेच्या अंधारातल्या चालण्याशी काय संबंध आहे, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

मुली हादरल्या होत्या. परतताना ट्रॉलीत एक म्हणाली, "मॅडम, आपण खोटं लिहिलं होतं का?" ती मराठी घरातली, माझ्याशी मराठीत बोलायची. मी म्हटलं, खोटं नव्हे, अर्धवट. बराच वेळ ती गप्प होती. मग तिनं विचारलं, की पुस्तकातले आकडेही असेच असतात का. पदवीच्या तीन वर्षांत तिनं विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न, आणि तो वर्गात विचारला गेला नाही.

पुढच्या शिबिराला आम्ही दोन खड्ड्यांच्या शौचालयाची रचना समजून घेऊन गेलो. एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा, पहिला झाकून दीड-दोन वर्षं ठेवायचा, आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. काळ्या मातीत खड्ड्याभोवती वाळू-खडीचा थर द्यावा लागतो आणि तोंड जमिनीपेक्षा उंच ठेवावं लागतं. गावातल्याच एका गवंड्यानं तीन घरी दुसरा खड्डा खणून दिला. मुलींनी माती उपसली, पण रचना गवंड्यानं ठरवली आणि आमच्या चित्रात दोन दुरुस्त्याही केल्या. गाव बदललं असं मी म्हणणार नाही. तीन घरांत बदल झाला, आणि त्यातलं एक जिजीचं.

त्याच सुमारास ग्रंथालयात मला पॅट्रिक गेडिस भेटले. होळकर दरबारानं 1917 मध्ये या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदुरात बोलावलं होतं. शहरात प्लेग यायचा, जायचा, पुन्हा यायचा. 1918 मध्ये त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. नगररचनेवर लिहिलेल्या त्या अहवालात एक मोठा भाग विद्यापीठाबद्दल आहे, हे पाहून मी ग्रंथालयातच खुर्ची ओढून बसले. मध्य भारतासाठी इंदुरात विद्यापीठ काढायचं तर ते शहराच्या जगण्याला जोडलेलं असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आमचं विद्यापीठ प्रत्यक्षात निघालं 1964 साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. त्याला देवी अहिल्येचं नाव मिळालं ते त्यानंतर.

गेडिस यांची पद्धत साधी होती. आधी पायी फिरा, बघा, विचारा, मग आराखडा काढा. वैद्य आधी नाडी बघतो, तसं. गल्ल्यांतून नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाला पाहून लोक घाबरायचे, हा आपली घरं पाडायला आलाय म्हणून. तेव्हा त्यांनी महाराजांकडे एक वेगळंच मागणं मागितलं, मला एका दिवसापुरतं महाराज करा. त्या दिवाळीला शहरात मिरवणूक निघेल, आणि तिचा मार्ग नेहमीचा नसेल, ज्या भागातले लोक आपली घरं आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करतील तिथून ती जाईल. सबंध शहर झाडायला लागलं. मिरवणुकीत हत्ती होते, लक्ष्मी होती, घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा उंदीर होता, दोघांना शेवटी जाळलं. आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, नव्या झाडूंसह, हार घातलेले सफाई कामगार चालत होते. हे सगळं मी शिबिरात बौद्धिकाच्या वेळी सांगते. दुपारी जेवण झाल्यावर मुलांचे डोळे मिटत असतात, पण इथे कोणी झोपत नाही. त्यांना वाटत असतं, इंदूर स्वच्छ झालं ते 2017 पासून.

2017 मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा पहिला क्रमांक आला तेव्हा, आणि त्याआधीच्या महिन्यांतही, आमची मुलं घरोघरी जात होती. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे दारात उभं राहून सांगायचं. हा काळ शिबिरापेक्षा वेगळा होता. इथे आम्ही परक्या गावात नव्हतो, आपल्याच आत्याच्या, आपल्याच शिक्षकांच्या दारात होतो, आणि आपल्या माणसांना सांगणं जास्त अवघड. एका घरातल्या बाईंनी मुलाला सुनावलं, आधी तुझ्या घरी कर. तो गेला आणि त्यानं खरंच आधी घरी केलं. पुढे महिनाभर तो त्या बाईंकडे गेला नाही, मग गेला.

पण सर्वांत जास्त शिकवलं ते एका सफाई मित्र ताईंनी. इंदुरात सफाई कामगारांना आता सफाई मित्र म्हणतात. त्या कचरागाडीबरोबर चालायच्या. आठ विद्यार्थी मी त्यांच्यासोबत पंधरा दिवस सकाळी पाठवले. त्यांनी मुलांना शिकवलं, की पिशवी उचलली की वजनावरून कळतं ओलं-सुकं एकत्र आहे का. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळं दिलं नाही तर हात कोणाचा घाण होतो. ट्यूबलाइट फुटलेली असेल तर काय होतं. हे सांगताना त्यांनी आपला तळहात पुढे केला. आता शहरात घरच्या कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे द्यायचे असतात, ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घातक आणि सॅनिटरी. परीक्षेत ही यादी सगळे लिहितात. ज्या मुलानं तो तळहात पाहिला त्याला ती यादी पाठ करावी लागली नाही.

बीकॉमच्या मुलींची एक गोष्ट थोडक्यात. गावात बचत गट होता, इथे त्याला समूह म्हणतात. मुलींना वाटलं, आपण हिशोब लिहायला शिकवू. समूहाच्या अध्यक्षबाईंना अक्षर येत नव्हतं, पण बारा बायकांचे हप्ते, व्याज, कोणाचा किती महिन्यांपासून थकला आणि का थकला, सगळं तोंडपाठ. मुलींनी वही मांडली, तीन तास लागले, आणि शेवटी वहीची बेरीज चुकली. बाईंची नाही. त्यानंतर मुलींनी वही शिकवली हेही खरं, कारण बाई म्हणाल्या, मी मेले तर हे सगळं माझ्याबरोबर जाईल.

आणि पाण्याच्या बाटल्यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. रसायनशास्त्राच्या विभागातून आम्ही हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या छोट्या बाटल्या नेल्या होत्या. विहिरीचं, हातपंपाचं पाणी त्यात भरून ठेवायचं. मैल्यातले जंतू असतील तर दिवस-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. यंत्र नको, वीज नको, वाचता येण्याचीही गरज नाही. फक्त ऊब हवी, आणि जानेवारीत माळव्याची रात्र हाडं गोठवते. पहिल्या रात्री एकही बाटली काळी पडली नाही, मुली खूश झाल्या. मी म्हटलं, थांबा, थंडीनं जंतूही झोपलेत. मग त्यांनी बाटल्या कापडात गुंडाळल्या आणि आपल्या रजईत घेऊन झोपल्या, अंडी उबवावीत तशा. तिसऱ्या सकाळी नाल्याजवळच्या विहिरीची बाटली शाईसारखी काळी होती. बाकीच्या स्वच्छ.

ती बाटली ओटल्यावर ठेवली. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती हातोहात फिरली. त्या विहिरीचं पाणी गोड म्हणून गावात तिचा मान होता, तिच्यावर बोलणं म्हणजे वडीलधाऱ्यांवर बोलण्यासारखं. बराच वाद झाला. शेवटी पंचांनी ठरवलं, गुरं धुण्याची जागा खालच्या बाजूला हलवायची, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, आणि महिन्यानं मुलींनी पुन्हा बाटली आणायची. तारीख गावानं दिली. आमच्या महाविद्यालयात तेव्हा अंतर्गत परीक्षा होत्या, तरी आम्ही गेलो. दोन मुली परीक्षेनंतरच्या बसनं आल्या, हातात बाटली.

जिजीनं त्या दिवशी विचारलं नाही, की परत काय आणलं.

या कामाला जगभर जे नाव आहे, सेवेतून शिक्षण, त्याच्या पुरस्कर्त्यांपैकी एक अमेरिकन, रॉबर्ट सिग्मन. त्यांनी 1979 मध्ये तीन तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं असं, की ज्यांची सेवा करायची, सेवा कोणती हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा. पुढे ते वाचलं तेव्हा मला विहिरीची तारीख आठवली. आणि आजोबांचं एक जुनं बोलणंही आठवलं. 1960च्या पावसाळ्यात विनोबा इंदुरात मुक्कामाला होते आणि त्यांनी स्वतः हातात झाडू घेतला होता. माझे आजोबा तेव्हा त्यांच्यामागे गल्ल्या झाडायला गेले होते. आजोबा सांगायचे, पहिल्या दिवशी खूप लोक होते, आठव्या दिवशी थोडे. ज्यांच्या गल्लीत झाडायचो ते बाहेर येऊन आमच्यासोबत झाडायला लागले तिथेच ते टिकलं, बाकी ठिकाणी नाही. आजोबांचं हे बोलणं मी लहानपणी शंभरदा ऐकलं होतं आणि एकदाही नीट ऐकलं नव्हतं.

2021 पासून मध्य प्रदेशात नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रकल्प, प्रशिक्षण किंवा 'सामुदायिक जुड़ाव' यातलं काहीतरी करावं लागतं. गुण आहेत, क्रेडिट आहेत. ज्यासाठी आम्ही दारोदार फिरलो ते आता अभ्यासक्रमात आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. आणि काळजीही तितकीच आहे. शंभर मुलांना गावात नेणं आणि दीड हजार मुलांना कुठेतरी पाठवणं यात फरक आहे. एका मुलानं तीस तासांचं प्रमाणपत्र आणलं, एका संस्थेचा शिक्का होता. मी विचारलं, तिथे काय केलंस? म्हणाला, फोटो काढले, मॅडम. त्याला मी दोष दिला नाही. त्याच्याकडे कोणी दुसरं काही मागितलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, ज्यांचे फोटो काढलेस त्यांना ते दाखवून ये, आणि ते काय म्हणतात ते लिहून आण. आठवड्यानं चार पानं घेऊन आला. अक्षर वाईट, मजकूर चांगला. त्यातल्या एका म्हाताऱ्याला फोटोत आपली झोपडी दिसली नव्हती, मागचा मॉल दिसला होता, आणि तो त्यावर चिडला होता. प्रमाणपत्र मी त्या चार पानांवरून मान्य केलं.

आता विभागातल्या तरुण सहकाऱ्यांना मी एकच अट घालते. अहवाल माझ्याकडे येण्याआधी त्या वस्तीत वाचून झाला पाहिजे, आणि तिथे झालेल्या दुरुस्त्या लाल शाईनं तशाच राहिल्या पाहिजेत. सुरुवातीला कुरकूर झाली. दुरुस्त्या असलेला अहवाल म्हणजे चुकलेला अहवाल, असं सगळ्यांना वाटतं, आणि आमच्या सगळ्या परीक्षा हेच शिकवतात. आता आमच्या विभागात लाल शाई नसलेला कागद पाहिला की विचारतात, गेला नव्हतास का?

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या गावात गेले, कार्यक्रम अधिकारी म्हणून नाही, नव्या बाईंच्या सोबतीला. फॉर्ममध्ये आता सोळा प्रश्न आहेत. शेवटचे दोन गावानं घातलेले, त्यातला एक आहे, गेल्या वर्षी विचारलं त्याचं पुढे काय झालं. मुलींनी दोन दिवस फिरून माहिती गोळा केली होती, तिसऱ्या संध्याकाळी ओटल्यावर वाचन. लोक जमले. आता बायका भिंतीकडेला बसत नाहीत, पुढेच बसतात. आणि नेमका कागद मिळेना. शाळेत शोधला, पिशव्या उपसल्या, एक मुलगी रडकुंडीला आली.

जिजीची सून उठली. म्हणाली, कागद राहू दे, मी सांगते. आणि पदर नीट करून तिनं सांगायला सुरुवात केली, शाळेत जाणाऱ्या मुली किती, सोडलेल्या किती, हातपंप चालू किती, दोन खड्ड्यांची शौचालयं किती, विहिरीची बाटली काळी पडली का. मधे कोणी दुरुस्त करत होतं, ती मान हलवून पुढे जात होती. आमच्या मुली भराभर लिहून घेत होत्या.

जिजीला आता ऐकू येत नाही. ती शेजारच्या मुलीचा हात धरून मोठ्यानं विचारत होती, "कंई के री? कंई के री?" आणि ती मुलगी तिच्या कानाशी वाकून एकेक आकडा पुन्हा सांगत होती.